दुसरा साक्षीदार

माझ्या सलोमा,

प्रभू तुला सांभाळो.

काल रात्री दक्षिणेचा वारा सुटला, म्हणून आज सकाळी तुझे बाबा आणि मी चर्चमागच्या ओकच्या रानात गेलो. त्या वाऱ्याबरोबर उत्तरेला निघालेली पाखरं एरी सरोवर ओलांडण्याआधी तिथेच दम खातात. बाबांचं आपलं चालूच होतं, "अगं, वर बघून बघून मान मोडेल तुझी!" ते बुटाची नाडी बांधायला वाकले आणि नेमका तेव्हाच मला निळा वटवट्या दिसला. नऊ वसंत तू ज्याची वाट पाहिलीस, तोच.

"अहो, बघा, निळा!"

ते उठेपर्यंत तो उडाला.

"दुसऱ्या कुणी पाहिला का?" बाबा हसत म्हणाले. "नाही ना? मग वहीत घ्यायचा नाही."

आपल्या घरचा नियमच आहे तो. दोघांनी पाहिल्याशिवाय पाखरू वहीत लिहायचं नाही.

बाबांनी तुला गोठ्यात पट्ट्याने मारलं, हे तू चर्चमध्ये उभी राहून सांगितलंस, तेव्हा वडीलधाऱ्यांनीही हेच विचारलं होतं. "दुसऱ्या कुणी पाहिलं का?" तू माझ्याकडे बघितलंस. मी प्रार्थनेच्या पुस्तकात डोकं घातलं. त्याच आठवड्यात तू घर सोडलंस.

मी दुधाची बादली घेऊन गोठ्याच्या दारातच उभी होते गं. सगळं पाहिलं होतं.

हे पत्रही आधीच्या पत्रांसारखं पिठाच्या डब्याखाली जाईल. हल्ली प्रार्थनेला बसते, पण शब्द येत नाहीत.

आई म्हणून सही करायला न धजणारी,
क्लारा