आईचं मंजन

मंगळवार, संध्याकाळ

आईच्या मणक्याचं ऑपरेशन पुढं गेलं. तिचा पाय बधिर होऊन राहिला आणि मीच तारीख लांबवली. बरोबर केलं ना?

ऑपरेशन करणाऱ्या नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "माताजी, बीड़ी, तंबाकू?" आई म्हणाली, "राम राम! कभी नहीं." खोटं बोलत नव्हती. आज सकाळी ती डबी उघडून दातांना गुडाखूची काळी पेस्ट घासत बसली होती, तेव्हा माझी ट्यूब पेटली. गुडाखूत तंबाखूच असतो की! पण आमच्या घरी त्याला मंजन म्हणतात. मलाही कधी तो तंबाखू वाटला नाही. काहून?

लगेच डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, बरं झालं सांगितलं. तंबाखूमुळे स्क्रू बसवूनही हाड नीट जुळत नाही, जखम चिघळते. आधी हे पूर्ण बंद, मग तारीख.

डबी मी उचलून ठेवली. आई भडकली, "दात घासल्यानं पाठ बिघडते काय?" दिवसभर समजावून थकलो.

आत्ता जेवताना स्वतःच म्हणाली, "बरं, सोडते. पण ऑपरेशनच्या सकाळी डबी देशील न? तोंड न धुता डॉक्टरसमोर कशी जाऊ?"