गजेंद्राचे मागचे पाय

कुंडल, संक्रांतीनंतरचा मंगळवार, सन १९४७

खेचरांच्या पलटणीतला माझा जोडीदार बिराप्पा, मुक्काम आटपाडी, यास लालासाहेब हवालदाराचा रामराम पोचावा. आम्ही सगळी इकडं खुशाल आहोत. तुझी मेंढरं, रंगुबाईचा गुडघा आणि तुमच्याकडचा पाऊस (पडला असल्यास) यांची हकिकत कळवावी. इथं ऊसतोड चालू आहे, गुऱ्हाळं पेटलीत, आणि माझ्या अंगाला काकवीचा असा वास लागलाय की माश्या मला गुळाची ढेप समजतात.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या पोराला, आप्पासोला, चौथीची परीक्षा होईपर्यंत आमच्याकडंच राहू द्यावं असं तू लिहितोस. त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी शाळेच्या कार्यक्रमात काय घडलं ते वाच, म्हणजे उत्तर तुला न सांगता कळेल.

शाळा तपासायला साहेब येणार म्हणून आकाराम मास्तरांनी पोरांकडून गजेंद्रमोक्षाचा खेळ बसवला. (हत्तीचा पाय मगर धरते, हत्ती देवाचा धावा करतो आणि विष्णू येऊन त्याला सोडवतो, एवढीच गोष्ट. पण मास्तरांनी तिच्यात महिनाभर इतिहास आणि भूगोल दोन्ही बुडवले.) आमचा हंबीरराव एके दिवशी घरी येऊन म्हणाला, मला हत्तीचं काम मिळालं. त्याच्या आईनं, साळूबाईनं, पुढं काही विचारलं नाही. ती हातातलं पीठ तसंच घेऊन शेजारच्या बयाबाईकडं गेली, बयाबाई विहिरीवर गेली, आणि दिवस मावळायच्या आत हत्ती गावभर झाला. मला स्वतःला बढाई आवडत नाही. मी फक्त दाढी करताना न्हाव्याला सहज बोललो. आता न्हाव्याला सहज सांगणं आणि गावात दवंडी देणं यात फरक एवढाच, की दवंडीवाला मध्ये थांबून श्वास घेतो. उंब्रजहून माझे मेहुणे नाथाजीराव नवा फेटा बांधून, बैलगाडी जुंपून, घरची सगळी माणसं घेऊन भाच्याचा हत्ती बघायला आले.

हत्तीला दोन माणसं लागतात ही गोष्ट आमच्या घरात कुणाच्या ध्यानात आली नाही. हंबीर रोज अंगणात कमरेत वाकून, मान खाली घालून फिरायचा. साळूबाई म्हणायची, बघा, हत्ती कसा नम्र असतो.

तुझ्या आप्पासोला मगरीचं काम होतं. त्याबद्दल घरात फारशी बोलणी झाली नाहीत. मगरीला भाषण नाही, शिवाय ती खलनायक. मास्तरांनी त्याला हातांसकट गोणपाटात शिवून टाकलं; तोंड तेवढं बाहेर. तालमीसाठी तो आमच्या सोप्यात पोटावर सरपटायचा, त्यामुळं साळूबाईचं झाडणं वाचलं हे मान्य केलं पाहिजे.

शाळेचं अंगण पडलं लहान. म्हणून त्या दिवशी गुऱ्हाळ बंद ठेवून तिथल्याच मोकळ्या जागेत दोन बैलगाड्यांवर फळ्या टाकून रंगमंच केला. साहेब खुर्चीत, आम्ही घोंगड्यावर. मग हत्ती आला. कानाला दोन सुपं, सोंडेला कोटाची भरलेली बाही, अंगावर काळं घोंगडं. सोंडेमागं सुलाबाईचा पोरगा होता. साळूबाईनं दोनदा डोळे पुसून बघितलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं, "आवं, आपला हंबीर कुटं हाय?"

मी मागच्या डाव्या पायावरचा विळ्याचा वण ओळखला होता. हळूच म्हणालो, "मागं हाय."

"मागं म्हंजी?"

"शेपटीखाली."

नाथाजीरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला तो कार्यक्रम संपेपर्यंत परत घातला नाही.

पुढचं थोडक्यात लिहितो. मगरीनं पुढचा पाय धरला. हत्तीनं धावा केला. विष्णू आला नाही (मुकुट कानात अडकला होता). हत्तीनं पुन्हा धावा केला. मग देवाला काय झालं ते बघायला हत्तीचा पुढचा भाग एकटाच पडद्याकडं निघाला, शिवण उसवली, आणि मागचे पाय डोक्यावर घोंगडं घेऊन मंचावर शिल्लक राहिले. ते जरा वेळ उभे राहिले, मग वळून भलत्याच बाजूला चालू लागले. लोक टाळ्या वाजवू लागले. एवढ्यात मगर पोटावर सरपटत त्यांच्यामागं धावली आणि तिनं पोटरीचा कडाडून चावा घेतला.

"आई गं! चावला की रं!" हत्ती मागच्या बाजूनं ओरडला. मगर सोडेना. ओढाताणीत दोघं आडवे झाले, तेव्हा कुठं विष्णू आला, आणि हत्तीचे दोन तुकडे बघून गोंधळात त्यानं सुदर्शन चक्र सोडलं ते मास्तरांना लागलं. साहेबांना हसून हसून चष्मा पुसावा लागला.

नाथाजीराव न जेवता उंब्रजला गेले. साळूबाईनं पोराच्या पोटरीला हळद लावली. मी आप्पासोला विचारलं, "चावलास का रं?"

"व्हय."

"का?"

त्यानं खाली बघितलं. "घावलं त्ये धरलं."

पोरगा गुणी आहे, अभ्यासात हंबीरच्या पुढं आहे, पण एका घरात एक चावणारा आणि एक चावून घेणारा ठेवणं बरं नव्हे. तरी होळीला येऊन त्याला घेऊन जावं. राग नसावा.

तुझा,
लालासाहेब

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज साळूबाईनं हत्तीचं घोंगडं धुवायला काढलं, तर त्याचा काठ वीतभर करपलेला. मी हंबीरला घेऊन गुऱ्हाळावर गेलो. मंचाच्या मागच्या कडेला लागूनच चुलवाण, म्हणजे रस कढवायची जमिनीतली भट्टी आहे. कार्यक्रमासाठी वरची काईल, रसाची मोठी कढई, उतरवून ठेवलेली, त्यामुळं ते आ वासून होतं, आणि गुऱ्हाळ बंद म्हटलं तरी आत खदिरांगार होता. हंबीर म्हणतो, घोंगड्यातनं काही दिसत नव्हतं, तोंडाला ऊब लागली म्हणून वाटलं उन्हाकडं, म्हणजे साहेबांकडंच चाललोय. अजून एक पाऊल पडलं असतं तर, बिराप्पा, मी हे पत्र लिहायला बसलो नसतो. तुझ्या पोराचे हात गोणपाटात शिवलेले होते. चावायच्या आधी तो ओरडला होता, पण आम्ही सगळे हसत होतो. मी त्याला म्हटलं, "गड्या, तवाच का न्हाई सांगितलंस?" तर म्हणाला, "तुमी इचारलं, चावलास का. चावलो हुतो."

दुसरा ता. क. वरचा होळीचा मजकूर वाचू नये. खोडला असता, पण खाडाखोड केलेलं पत्र बरं दिसत नाही. परीक्षेनंतर पाचवीला त्याला इथंच ठेवावं, ही माझी विनंती. पोरगा न्यायला तू आलास तर साळूबाई देणार नाही, हे आधीच सांगतो. बघायला मात्र रंगुबाईला घेऊन जरूर यावं. सकाळी विहिरीवर कुणीतरी साळूबाईला हत्तीच्या मागच्या पायांवरून हिणवलं. तिनं घागर काठावर ठेवली आणि म्हणाली, "हत्तीचं ऱ्हाऊ द्या. मगर आमच्या घरची हाय."