खिडकीकडचा गाल

अहो,

पहिल्या फेरीला निघालेय. उशांचे अभ्रे उकळणं आता थांबवा. माझ्या उजव्या गालावरचे डाग त्या कुशीवर झोपल्यामुळे आलेले नाहीत.

काल डॉक्टरीणबाईंनी दोन्ही गाल पाहिले आणि विचारलं, "तुम्ही गाडी चालवता का? खिडकी याच बाजूला?" मी बस चालवते हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी थक्कच झाले. बंद काचेतूनही ऊन कातडीपर्यंत पोचतं म्हणे. म्हणजे इतकी वर्षं सूर्य माझ्या शेजारी बसून फिरला, तोही बिनतिकीट.

लिंबू चोळणं बंद, त्याने डाग आणखी काळे पडतात. दिवसाचं क्रीम मी बरोबर नेलंय. रात्रीचं आरशापाशी आहे, दाढीचं समजून लावू नका. फरक दिसायला काही महिने जातील.

मग बाईंनी मला घड्याळ काढायला लावलं. पट्ट्याखाली माझा लग्नातला रंग जसाच्या तसा होता. मी मनगटाकडे बघतच राहिले. संध्याकाळी तुम्हालाही दाखवते.

आणि गाल लपवायला तुमच्या बाजूला बसून जेवणं पुरे झालं. आज माझं पान तुमच्या समोर घ्या.