आज शून्य हल्ले

१२ एप्रिल २००८, मोर्शी
आजपासून आपला सायबर कॅफे म्हणजे किल्ला! जुन्या डबड्या कॉम्प्युटरवर लिनक्सचं फुकटवालं फायरवॉल चढवलं. बाहेरून येणारी नेटची वायर आधी याच्यात, मंग गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरात. वरूडच्या कॉलेजात सिस्टिम ॲडमिनची जागा आहे. ९ मेले तिथले उस्मान सर स्वतः माझं काम पाहाले येणार. संत्र्याची बाग वाळल्यापासून पक्का पगार पाहिजेच. नोकरी लागलीच समजा.

१३ एप्रिल, दुपारी १
हार्डनिंग केलं. म्हणजे नको ते दरवाजे बंद. नको ते कोणते हे समजलं नाही, म्हणून सगळेच केले. नेट बंद. गिऱ्हाइकं बोंबलत उठली. बायको, प्राजक्ता, गल्ल्यावर होती. म्हणे, आता कसं? म्हटलं, सुरक्षेले धीर लागते. जेवाले घरी आलो.

दुपारी ४
परत गेलो तं नेट सुसाट! मी म्हणतच होतो.

२१ एप्रिल
शून्य हल्ले. हॅकर लोकाइनं मोर्शीचा धसका घेतला.

२८ एप्रिल
शून्य. पासवर्ड एकेचाळीस अक्षरांचा केला. प्राजक्ता म्हणे, फायरवॉलच्या सॉकेटात कूलर लावू द्या, माणसं उकडून राहिली. बी.कॉम.वालीले काय समजते नेटवर्क!

३ मे
दोन नंबरच्या कॉम्प्युटरात व्हायरस. फायरवॉलमधून येणं शक्यच नाही. प्राजक्तानं काढला. अशी किरकोळ कामं मी तिच्याकडेच देली आहेत.

९ मे, सकाळी
शर्टाले इस्त्री. प्लॅन असा: सरांसमोर फायरवॉलचा प्लग उपटायचा. नेट ठप्प! मंग म्हणायचं, पाहा सर, याच्या परवानगीशिवाय इथं मच्छर येत नाही.

संध्याकाळी
उपटला. नेट सुरूच.
पुन्हा लावला, पुन्हा उपटला. तरी सुरूच. सर वायर धरत धरत मागं गेले. वायर फायरवॉलच्या बाजूनं सरळ पुढं गेलेली. आत काही लावलेलंच नाही. सर म्हणे, ये किसने किया? प्राजक्ता म्हणे, मी, तेरा तारखेलेच. गिऱ्हाइकं उठून चालली होती ना जी. सर म्हणे, व्हायरस कोण काढते? मी. प्रिंटर? मीच. मले काहीच विचारलं नाही. लय वाईट वाटलं. चहाही तिनंच देला.
जाताना सरांनी नोकरीचा फॉर्म तिच्या हातात देला.

१६ जून
प्राजक्ता सकाळच्या एसटीनं वरूडले ड्युटीवर गेली. मी गल्ल्यावर. कूलर फायरवॉलच्या डबड्यावर ठेवला, बरोब्बर उंची आली. जाताना तिनं वायरवर कागद चिकटवला, हात लावू नये. कोणाले उद्देशून आहे, ते मी विचारलं नाही.