प्रार्थना कुणाला केली?

प्रिय दादा,

आज बायबलच्या वर्गात एका नव्या नर्सबाईंनी तुझाच प्रश्न विचारला. "येशू स्वतः देव आहे, तर क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत त्याने प्रार्थना कुणाला केली?"

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. तू हेच विचारून "येशू देवाचा पुत्र खरा, पण देव नव्हे" म्हणालास, तेव्हा पाळक असलेल्या आपल्या बाबांनी भरल्या मंडळीत तुला दार दाखवलं होतं.

आज त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "पुत्राने पित्याला केली. तरी देव एकच. माझा विश्वास आजही तोच आहे. माझ्या मुलाला तो पटला नाही, आणि मी मुलगाच घालवून बसलो."

नर्सबाई चाचरल्या. "मला पटलं नाही तर? येऊ की नको?"

"न पटता या," बाबा म्हणाले.

घरी येताच त्यांनी माळ्यावरून बॅग काढली. उद्या सकाळच्या बसने ते तुझ्याकडे निघतायत. मला बजावलंय, "तू आधी कळवू नकोस, माझं मी बोलेन." म्हणून हे पत्र टाकणार नाही. पण माझ्या पोटात काही राहत नाही, तुला ठाऊकच आहे.

त्यांच्या शर्टाला इस्त्री करताना मी विचारलं, "बाबा, तिथे जेवणाआधी प्रार्थना कोण करणार? तो काही पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणायचा नाही हं."

त्यांनी शर्ट माझ्या हातून घेऊन बॅगेत ठेवला.

"घर त्याचं, प्रार्थना त्याची," म्हणाले. "मी आमेन म्हणेन."

तुझी,
चोंबडी