आपा, तुम्ही कधीच न घातलेलं लोणचं

प्रिय शकीलाआपा,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा फोन होता, आणि फोनवर तरी तुम्ही मला कुठं पुरतं बोलू देत होतात? ‘समजलं, समजलं, ये तू घरी,’ म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. आता कोणत्या घरी येऊ?

उद्या सकाळी मला कोर्टात एका बाईची उलटतपासणी घ्यायची आहे. आणि आपा, मला भीती वाटतेय. वकिलांच्या खोलीतले सगळे घरी गेले, बाहेर अदालत रोडवर दोन रिक्षावाल्यांचं भांडण चाललंय, आणि मी केसची फाईल उघडी टाकून तुम्हाला लिहीत बसलेय. एवढी वर्षं काळा कोट घालतेस आणि अजून घाबरतेस, असं म्हणाल. हो, घाबरते! पण आजवर मला समोरच्यांची भीती वाटायची. या वेळी माझ्या स्वतःच्याच जिभेची वाटतेय.

केस निर्मलाची आहे. तिला तुम्हीच माझ्याकडं आणलंत. नवरा आजारी पडला तेव्हा घाटी दवाखान्यात दोघांची तपासणी झाली आणि दोघांनाही एचआयव्ही निघाला. त्यानं औषध सुरू करायला फार उशीर केला, तो गेला. ही नेमानं गोळ्या घेते, ठणठणीत आहे, कापूस वेचायला कुणाच्या मागं राहत नाही. पण दिरानं आधी तिचं ताट वेगळं केलं, मग न्हाणीला कुलूप लावलं, मग एक दिवस म्हणाला, पोरीला घे आणि निघ. सिल्लोड तालुक्यातलं गाव, माहेरी कुणी उरलेलं नाही. घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली, तिच्याकडं आहे ते एवढंच. ती गेली तर पोरीला घेऊन कुठं जायचं हे तिला ठाऊक नाही, आणि खरं सांगू, मलाही नाही.

एचआयव्ही आहे म्हणून कुणाला राहत्या घरातून काढता येत नाही, असा कायदाच आहे. हे तुम्ही तिला तुमच्या ओट्यावर बसून समजावलंत. कोर्टात खरं नाव लावायची सक्ती नाही, हेही सांगितलंत, आणि मग तुमचा तो नेहमीचा प्रश्न विचारलात, ‘लहानपनी कुनाचं नाव आवडायचं तुला?’ ती लाजून म्हणाली, शाळेतल्या निर्मलाबाईंचं. तेव्हापासून कागदावर ती निर्मला झाली, आणि या पत्रातही निर्मलाच राहील.

किती कडक होतात तुम्ही या बाबतीत! ‘दफ्तरात ती आपली. रस्त्यावर आपन तिला वळखत नाय. तिनं आधी वळख दाखवली तरच दाखवायची, बाई.’ जिचं घर तुम्ही भांडून परत मिळवून दिलंत, ती बाई एकदा गुलमंडीवर सासूबरोबर समोरून आली आणि मान वळवून तुमच्या अंगाजवळून निघून गेली. मला संताप आला होता. तुम्ही मात्र खूश! ‘शिकली,’ म्हणालात, आणि त्या खुशीत मला उसाचा रस पाजलात.

पण आपा, एका गोष्टीसाठी मी तुमच्यावर रागावले आहे. ते लोणचं. हा आजार असलेल्या बायका तुमच्याकडं का येतात, हे त्यांच्या घरी सांगायचं काय, म्हणून तुम्ही तोड काढलीत की विचारलं तर सांग, लोणच्याची बाई आहे. आणि खोटं उघडं पडू नये म्हणून प्रत्येकीच्या हातात एक बरणी द्यायची. ते लोणचं तुम्ही गुलमंडीवरच्या दुकानातून आणायचात, लेबल पाण्यात भिजवून काढायचात. तुम्हाला स्वतःला कैरीची फोड धड करता येत नव्हती. सगळं ठीक, पण सगळ्यांना एकच थाप? एखादीला शिवणकाम सांगायचं, एखादीला बांगड्या! सगळ्या एकाच दिवशी एकाच ठिकाणी जमतील, हे तुमच्या ध्यानात कसं आलं नाही?

जमल्या ना. तुमच्या जियारतीला, तिसऱ्या दिवशीच्या दुआला जमल्या. तुमच्या हृदयानं असा अचानक दगा दिला की निरोप द्यायलाही सवड मिळाली नव्हती, तरी कुणाकडून कुणाला कळत गेलं. चादरीवर खजुराच्या बिया मांडल्या होत्या, तुमच्या नात्यातल्या बायका एकेक बी उचलून दुआ पढत होत्या. आणि भिंतीच्या कडेनं गंगापूरच्या, सोयगावच्या, कुठल्या कुठल्या गावच्या, साडीतल्या बायका येऊन टेकत होत्या. त्याही बिया उचलत होत्या, आपापल्या देवाचं नाव घेत होत्या. एकमेकींकडं बघत मात्र नव्हत्या. तुमच्या नियमाप्रमाणं सगळ्या अनोळखी. तुमच्या रेश्मानं भाबडेपणानं एकेकीला विचारलं, अम्मीची ओळख कशी? एक म्हणाली, लोणचं न्यायची मी. दुसरी म्हणाली, लोणचं. तिसरीही तेच. शेवटी रेश्मा मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, ‘वकीलबाई, अम्मीकू तो मिर्ची भी काटनेकू आता नै था. ये इत्ता अचार कब डाली उनों?’

मला हसू फुटलं, आपा. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता रडले. डोळे पुसत बाहेर आले तर दारातून आणखी एक बाई आत येत होती. पदर नाकापर्यंत ओढलेला. रेश्माच्या मावशीनं विचारलं तशी ती हळूच म्हणाली, लोणचं न्यायची मी त्यांच्याकडून. मग पदर सरकला आणि मला ती दिसली.

ती निर्मलाची जाऊ होती. त्याच दिराची बायको, जो निर्मलाला घराबाहेर काढायला निघालाय. मी तिला कोर्टाच्या व्हरांड्यात नवऱ्याच्या मागं उभी असलेली पाहिलेली आहे, तिनं मला काळ्या कोटात पाहिलेलं आहे. तिचं नाव मी इथंही लिहिणार नाही. ती माझ्याकडं बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं मला दिसलं. मी मान वळवली. तुम्हीच शिकवलंत तसं. बरं, निर्मला त्या दिवशी आलेली नव्हती. एक बी उचलली, खाली ठेवली, पुन्हा तीच उचलली.

ती तुमच्याकडं कधीपासून येत होती? तिला हे कुणाकडून, कसं आलं? हे आपण विचारत नाही, मीही विचारत नाही. पण तिच्या नवऱ्याला ठाऊक नाही, एवढं त्या चेहऱ्यावरून कुणालाही कळलं असतं. तुम्ही एकाच घरातल्या दोघींना सांभाळत होतात आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत? अहो, मी निर्मलाची वकील! हं, म्हणूनच बोलला नाहीत. समजतं मला. तरी राग येतो.

आता माझी पंचाईत बघा. उद्याची साक्षीदार तीच आहे. दिराच्या बाजूनं तिचं शपथपत्र दाखल झालंय. त्यात म्हटलंय की निर्मला त्या घरात राहिली तर आमच्या लेकरांना धोका आहे, सगळ्यांची न्हाणी एकच आहे, आणि मला भीती वाटते. बाकी मजकूर त्यांच्या वकिलाचा दिसतो. ते शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं असावं. मी ते वाचते आणि फाईल मिटते.

तिला फक्त एवढंच विचारायचं की बाई, शकीलाआपांकडं तुम्ही कशाला जात होता? तिथल्या तिथं ती कोसळेल. दिराची केस संपेल. निर्मलाची खोली वाचेल. आणि त्या संध्याकाळी दुसऱ्या बाईचं अंथरूण बाहेर पडेल, याच आजारापायी तुमचं एकेकाळी पडलं होतं तसं. कायदाही असा प्रश्न विचारू देत नाही, हे मला पाठ आहे. न्यायाधीश मला गप्प करतील, पण नवऱ्यानं बायकोचं तोंड तोवर पाहिलेलं असेल. दार बंद करून सुनावणी आहे, पण तो आत असणारच ना!

हे सगळं मी एकटीनं पोटात ठेवलं असतं. पण आज दुपारी निर्मला आली. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, ‘ताई, जाऊबाई काल माझ्या दारात आल्या व्हत्या. कित्येक दिसांनी. म्हणल्या, ती लोणच्यावाली आपा गेली म्हणं. तिला आपा कशी म्हाईत? मी घरी आपाचं नाव कधी काढलं नाय.’

मी काय सांगणार? तुमचीच थाप पुढं केली. असेल, लोणचं घेतलं असेल कधी. निर्मलाला ते पटलं नाही.

‘आपा लोणचं घालत नव्हत्या, ताई. आमच्या घरात दोन बरण्या हायेत, सारख्याच. एक मी नेली. दुसरी सासूनं आणली आसंल म्हणून मी कधी इचारलंच नाय.’

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फाईलची दोरी बांधत बसले. आपा, माझं गप्प बसणंही तिला कळलं असेल का? कळलंच असेल. ती मूर्ख नाही. तिचा आवाज एकदम बारीक झाला. ती म्हणाली, ‘मंग इचारा की तिला उद्या.’

मी नाही म्हणाले. ती म्हणाली, तुम्ही माझ्या वकील का तिच्या? मी म्हणाले, तुझी. ती म्हणाली, मग माझी खोली जाईल, पोरीला घेऊन मी बसस्टँडवर झोपू का? तिचं काही चुकत नव्हतं. शेवटी मी तिला विचारलं, तुझं गावात पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं गं?

तिला आठवायला वेळ लागला नाही. रिपोर्ट घेताना रांगेत भेटलेला गावातलाच एक ओळखीचा माणूस. ती खाली बघत म्हणाली, ‘तो पन भल्यासाठीच सांगितलं म्हणला व्हता.’ जाताना पिशवी उचलून ती म्हणाली, ‘येते उद्या टायमावर. पन तुमच्याशी बोलनार नाय मी.’

उद्या निर्मला भर कोर्टात स्वतःच बोलून गेली तर? मी समोर उभी राहिले आणि केस हातातून सुटताना पाहून माझ्याच तोंडून निघालं तर? दिराचा वकील चिडवण्यात पटाईत आहे, आणि राग आला की मी काय बोलते हे तुम्हाला माहीत आहे. आणि नाहीच बोलले, आणि निर्मलाची खोली गेली तर? तिच्या पोरीच्या डोळ्याला डोळा कसा भिडवू? आपा, तुम्ही असायला हवं होतं. पहिल्या बाकावर बसून, पर्समधली खडीसाखर चघळत, मी घसरले की खोकायला.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही प्रत्येक बाईबरोबर कोर्टात येता, तुम्हाला कशी भीती वाटत नाही? तुम्ही हातावरची खडीसाखर मोजल्यासारखं केलंत आणि म्हणालात, ‘लागती की. लई लागती. मला एकटीला सोडलं व्हतं ना, म्हणून सोबत येते.’ त्या दिवशी मला वाटलं होतं, तुम्ही त्या बायकांबद्दल बोलताय. ती सोबत मलाही होती, हे आज कळतंय.

तर ऐका. मी प्रश्न तयार केलेत. तिला विचारणार आहे की निर्मला या घरात सून म्हणून आली तेव्हापासून तुम्ही एका चुलीवरचं जेवलात ना? तुमची लेकरं तिनं खेळवली ना? तिच्या हातची भाकरी खाल्ली ना? मग त्यांना काय झालं? काही झालेलं नाही, आणि ते ती खोटं सांगू शकणार नाही. मग डॉक्टरांची साक्ष, की एकत्र राहण्यानं, एका न्हाणीनं हे पसरत नाही. तिच्या तोंडून आलेल्या त्या उत्तरांनी निर्मलाची खोली राहिली, तर उद्या कधी तिच्यावर वेळ आली तर तिचीही राहील. तिच्या नवऱ्याच्या कानांवर हे पडायलाच हवं, आणि ते बायकोच्या तोंडून. एवढंच माझ्याकडं आहे. पुरेल का? मला माहीत नाही, आपा. खरंच माहीत नाही.

शब्द मात्र देते. माझा आवाज कापला तरी, केस माझ्या हातातून गेली तरी, निर्मला जन्मभर माझ्याशी बोलली नाही तरी, उद्या ती बाई पिंजऱ्यात उभी राहील तेव्हा मी तिला पहिल्यांदाच पाहतेय. मी तिला कुठंही भेटलेली नाही. तुमच्या घरी तर नाहीच. आणि निर्मला हरली तर तिच्याबरोबर बसस्टँडपर्यंत मी जाईन, तिथून पुढं वरच्या कोर्टात जाईन, तिला एकटीला सोडणार नाही.

आणि कधी गुलमंडीवर ती दुसरी समोरून आली, आणि तिनं आधी ओळख दाखवली, तर मी तिला सांगेन की मीही तुमच्याकडूनच लोणचं न्यायचे.

जिला तुम्ही एकदाही बरणी दिली नाहीत,
ती तुमची वकीलबाई,
सुजाता