दहा आकड्यांचं घड्याळ

क्लोनडॉकिन,
शुक्रवार

प्रिय स्वराली,

रागात लिहितोय, अक्षर सांभाळून घे. तसंही आठवी नापासाचं अक्षर ते. माझं नोकरीत बिनसलंय, आणि तुझा इथे यायचा व्हिसा याच नोकरीवर आहे हे मला कुणी सांगायला नको. आधी सगळं ऐक, मग शिव्या दे.

मागच्या आठवड्यात लेटरकेनीहून मिसेस गॅलाहर म्हणून एक म्हाताऱ्या बाई दुकानात आल्या. गेलेल्या नवऱ्याचं खिशातलं घड्याळ बंद पडलेलं. बघतो तर तबकडीवर दहाच आकडे, बाराच्या जागी दहा! मी साफ केलं, किल्ली दिली आणि मिरजेच्या दुकानात मामांनी लावलेल्या सवयीप्रमाणे दोन दिवस भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवत बसलो. जुळेना. तासकाटा आपला मागेच. तीनदा खोललं गं! शेवटी चाकांचे दाते मोजले तेव्हा डोक्यात उजेड पडला. घड्याळ बरोबर होतं, मीच त्याला आपलं माप लावत होतो. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर काही काळ दिवसाचे दहाच तास केले होते म्हणे. त्याचा एक तास म्हणजे आपले दोन तास चोवीस मिनिटं. सव्वादोनशे वर्षांवर झाली, एक दाता झिजलेला नाही.

आणि आमचे मालक कॉनर काय म्हणतात? ‘दहा आकड्यांचं वापरणार कोण? तबकडी काढ, चाकं बदल, बाराचं कर. ग्रँड होईल.’ जुनी तबकडी यांच्या ड्रॉवरमध्ये, शौकिनांना विकायला. बाईंना विचारलंत का, म्हटलं, तर म्हणे त्यांना काय कळतंय! या आयरिश लोकांचं ग्रँड म्हणजे आपलं झकास; पाऊस पडला तरी ग्रँड, दुसऱ्याची वस्तू लाटली तरी ग्रँड. मी हात लावणार नाही म्हणालो, तर हसले. शाळा न शिकलेल्यानं इतिहास शिकवू नये म्हणे. मग माझं सटकलं. जेवणाच्या सुट्टीत बाईंना फोन लावला आणि मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तीन तास गाडी चालवत आल्या, घड्याळ उचललं, कॉनरकडे बघितलंसुद्धा नाही.

आता मी सोमवारपर्यंत लेखी माफीनामा द्यायचा, नाहीतर चालतं व्हायचं. त्यात लिहायचं काय, तर माझाच गैरसमज झाला, तबकडी खराबच होती. लबाडी त्यांची आणि सही माझी!

तू म्हणशील, रोज बोलतो आपण, मग पत्र कशाला. फोनवर सांगितलं असतं तर तू हळूच म्हणाली असतीस, ‘देऊन टाक ना रे, चार ओळी तर आहेत.’ तुझ्या आवाजात ऐकलं असतं तर मी दिला असता. म्हणून आठवडाभर ‘सगळं ठीक’ म्हणत राहिलो. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा सोमवार उलटून गेलेला असेल. दोघांचा निर्णय मी एकट्यानं घेतला, तुला न विचारता. वाचून झालं की फोन कर आणि भांड. उचलणार आहे मी.

अजून ठेवून घेणार असशील तर तुझाच,
गौरव